राष्ट्राची पत आणि परभूमीवरील युद्ध : व्हिएतनामच्या अनुषंगाने एक विवेचन

परभूमीवर चाललेले एखादे युद्ध मूळ हेतू साधण्याच्या दृष्टीने निष्फळ ठरत आहे हे राज्यकर्त्यांच्या ध्यानात आल्यानंतरही ते पुढे रेटले जाते, असे इतिहासात वारंवार घडलेले आहे. अशा वेळी दिले जाणारे समर्थन बहुधा एकाच प्रकारचे असते. आता माघार घेतली तर आपल्या शब्दाला जगात किंमत उरणार नाही, मित्र धास्तावतील, शत्रू धजावतील, आणि आज येथे वाचविलेले रक्त उद्या अन्यत्र अधिक प्रमाणात सांडावे लागेल, असे ते समर्थन होय. ह्या युक्तिवादाचा विशेष असा की, त्यात प्रत्यक्ष रणभूमीचे महत्त्व गौण ठरते. तेथील प्रदेश, तेथील लोक, तेथील राजवट ही सारी निमित्तमात्र होतात. युद्ध चालू राहते ते तिऱ्हाइतांच्या मनातील स्वतःच्या प्रतिमेसाठी.

प्रस्तुत लेखात ह्या युक्तिवादाची घडण, त्याचे बळ आणि त्याच्या मर्यादा ह्यांचा विचार मुख्यतः अमेरिकेने व्हिएतनाममध्ये १९६५ ते १९७३ ह्या काळात केलेल्या युद्धाच्या आधारे करावयाचा आहे. हे उदाहरण निवडण्यास दोन कारणे आहेत. एक तर राष्ट्राच्या पतीसाठी युद्ध चालू ठेवावे हा विचार इतक्या उघडपणे शासकीय टिपणांत नमूद झाल्याची उदाहरणे विरळा आहेत. दुसरे असे की, अखेर माघार घेतल्यानंतर काय घडले ह्याचा पुरेसा पुरावा आज उपलब्ध असल्यामुळे त्या भाकिताची पडताळणी करता येते.

१. संकल्पनेचे स्वरूप

‘पत’ हा शब्द मराठीत मूळचा सावकारी व्यवहारातला आहे, आणि प्रस्तुत विवेचनास तो विशेष उपयोगी आहे. कर्ज देणारा सावकार ऋणकोच्या ठायी तीन गोष्टी पाहतो : फेडण्याची ऐपत, फेडण्याची नियत आणि तारण. राष्ट्राच्या वचनाविषयीही अशाच तीन गोष्टी पाहिल्या जातात. वचन पाळण्याचे सामर्थ्य त्याच्याकडे आहे काय, हा ऐपतीचा प्रश्न. वचन पाळण्याची त्याची वृत्ती आहे काय, हा नियतीचा प्रश्न. आणि त्या विशिष्ट प्रकरणी त्याचे स्वतःचे हित कितपत गुंतले आहे, हा तारणाचा प्रश्न. पतीच्या रक्षणार्थ युद्ध चालू ठेवावे असे म्हणणारा पक्ष ह्या तिहींपैकी जवळजवळ सर्व भार नियतीवर टाकतो. एका ठिकाणी दिसलेली नियत सर्व ठिकाणी गृहीत धरली जाते, असे त्याचे मूलभूत प्रमेय आहे.

पत आणि प्रतिष्ठा ह्यांतही भेद करावयास हवा. प्रतिष्ठा म्हणजे इतरांनी दिलेला मान; पत म्हणजे हे राष्ट्र बोलल्याप्रमाणे वागेल अशी इतरांची अपेक्षा. मोठी प्रतिष्ठा असलेल्या राष्ट्राची एखाद्या विषयात पत नसू शकते. उलट, फारसा मान नसलेल्या राष्ट्राच्या धमकीवरही शेजारी पूर्ण विश्वास ठेवू शकतात. राजकीय भाषणांत ह्या दोन कल्पनांची सरमिसळ होते, आणि मानहानीचे दुःख हे पत गेल्याचा पुरावा म्हणून पुढे केले जाते.

२. युक्तिवादाचे बळ

हा युक्तिवाद केवळ अहंकारातून निपजलेला आहे असे मानणे अन्यायाचे होईल. त्याची परंपरा जुनी आहे. इ. स. पू. ४३२ मध्ये मेगाराविरुद्धचा निर्बंध मागे घेण्याची मागणी स्पार्टाने केली, तेव्हा पेरिक्लीसने अथेन्सवासीयांना असे बजावले की, प्रश्न क्षुल्लक दिसला तरी येथे नमते घेतल्यास याहून मोठी मागणी लगेच पुढे येईल. थ्यूसिडिडीझने नोंदविलेल्या ह्या भाषणात आधुनिक युक्तिवादाचे बीज स्पष्ट दिसते. १९३८ च्या म्यूनिक करारानंतर त्याला नवे बळ प्राप्त झाले. आक्रमकाला एकदा दिलेली सवलत त्याची भूक वाढविते, हा धडा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या संपूर्ण पिढीने त्या प्रसंगापासून घेतला.

अण्वस्त्रांच्या युगात ह्या विचाराला तात्त्विक बैठक मिळाली. पश्चिम बर्लिनच्या रक्षणासाठी अमेरिका स्वतःच्या शहरांचा विनाश पत्करील, हे वचन मुळातच विश्वास ठेवण्यास कठीण होते. ते खरे करून दाखविण्याचा प्रसंग येऊ नये हाच त्याचा हेतू असल्यामुळे त्याचा प्रत्यक्ष पुरावा देणे अशक्य होते. तेव्हा पुरावा अन्यत्रच्या वर्तनातून द्यावा लागणार, असा निष्कर्ष निघाला. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आर्म्स अँड इन्फ्लुअन्स’ ह्या ग्रंथात टॉमस शेलिंग ह्यांनी राष्ट्राच्या वचनांचे परस्परावलंबन हा सिद्धांत विशद केला. एक वचन मोडले की बाकीची वचनेही दुबळी होतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९५४ च्या एप्रिलमध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर ह्यांनी इंडोचीनसंबंधी वापरलेली डॉमिनोच्या सोंगट्यांची उपमा भौगोलिक होती. वचनांच्या परस्परावलंबनाच्या सिद्धांताने ती मानसिक पातळीवर नेली आणि त्यामुळे पृथ्वीवरील कोणतेही ठिकाण महत्त्वाचे ठरू शकले.

३. कागदपत्रांची साक्ष

अमेरिकी नौसैनिकांच्या पहिल्या लढाऊ तुकड्या ८ मार्च १९६५ रोजी दा नांग येथे उतरल्या. त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी, २४ मार्च रोजी, साहाय्यक संरक्षण सचिव जॉन मॅक्नॉटन ह्यांनी संरक्षणमंत्री मॅक्नमारा ह्यांच्यासाठी एक टिपण सिद्ध केले. त्यात अमेरिकेच्या उद्दिष्टांची टक्केवारी मांडलेली होती. हमीदार राष्ट्र म्हणून असलेल्या लौकिकाला धक्का देणारा मानहानिकारक पराभव टाळणे ह्यास ७० टक्के, दक्षिण व्हिएतनामचा प्रदेश चीनच्या हाती जाऊ न देणे ह्यास २० टक्के, आणि तेथील जनतेला अधिक चांगले व मुक्त जीवन लाभू देणे ह्यास १० टक्के. जाहीर भाषणांत अग्रस्थानी असलेला हेतू ह्या हिशेबात सर्वांत शेवटी होता. हे टिपण १९७१ मध्ये ‘पेंटॅगॉन पेपर्स’ म्हणून प्रसिद्धीस आलेल्या संग्रहातून जगापुढे आले.

ह्या विचाराला त्याच वेळी, त्याच शासनात, विरोधही झाला होता. परराष्ट्र खात्याचे उपसचिव जॉर्ज बॉल ह्यांनी १ जुलै १९६५ च्या टिपणात वाटाघाटीने तोड काढण्याचा आग्रह धरला. मोठे सैन्य एकदा गुंतले आणि माणसे मोठ्या संख्येने पडू लागली की परत फिरणे जवळजवळ अशक्य होईल, असा इशारा त्यांनी दिला. त्याच महिन्याच्या २१ तारखेस झालेल्या बैठकीत अध्यक्ष जॉन्सन ह्यांनी त्यांना विचारले की, तीन अध्यक्षांनी दिलेला शब्द मोडल्यास अमेरिकेची पत जाणार नाही काय? बॉल ह्यांच्या उत्तराचा आशय असा होता की, जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राला मूठभर गनिमांचा बीमोड करता येत नाही हे दिसून येणे, हा त्याहून मोठा आघात ठरेल. एका आठवड्याने सैन्य १,२५,००० पर्यंत वाढविण्याची घोषणा झाली.

बॉल ह्यांचे उत्तर तात्त्विक दृष्ट्या महत्त्वाचे आहे. युद्ध लांबविल्याने नियत सिद्ध होत असेल, परंतु त्याच वेळी ऐपतीच्या मर्यादाही उघड्या पडतात. मराठीतील ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण हाच विचार सांगते. सिसिलीवरील मोहिमेच्या वेळी निकियसने अथेन्सच्या सभेत असाच युक्तिवाद केला होता. आपण तेथे न गेलो तरच तेथील ग्रीक आपला सर्वाधिक धाक बाळगतील, असे त्याचे म्हणणे होते. सभेने ते मानले नाही, आणि इ. स. पू. ४१३ मध्ये ती मोहीम संपूर्ण नाशात संपली.

४. स्वतःवर पोसणारा युक्तिवाद

जानेवारी १९६६ मध्ये मॅक्नॉटन ह्यांनीच लिहिलेले दुसरे टिपण अधिक उद्बोधक आहे. व्हिएतनाममध्ये मुळात का गेलो हा प्रश्न आता बव्हंशी केवळ तात्त्विक उरला आहे. आज तेथून न निघण्याचे कारण एकच, ते म्हणजे हमीदार म्हणून असलेला लौकिक. आणि प्रत्येक टप्प्यावर त्या लौकिकासाठी डाव वाढवीत नेला गेला, असा त्याचा आशय आहे. ह्यात ह्या युक्तिवादाचा अंतर्गत दोष त्याच्या पुरस्कर्त्याच्याच लेखणीतून व्यक्त झाला आहे.

तो दोष असा. सामान्य हिशेबात खर्च वाढत गेला की उद्योग सोडून देण्याचे कारण बळावते. पतीच्या हिशेबात नेमके उलट घडते. जितकी माणसे आणि जितका पैसा ओतला जातो, तितके ते प्रकरण जगाच्या दृष्टीस अधिक येते. आणि जितके ते दृष्टीस येते, तितकी माघारीची किंमत वाढते. म्हणजे खर्च हाच पुढील खर्चाचे कारण होतो. ‘बुडत्याचा पाय खोलात’ असे म्हणतात, त्यातला हा प्रकार होय. हेन्री किसिंजर ह्यांनी जानेवारी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात हाच विचार समर्थनार्थ मांडला. पाच लाख अमेरिकी तेथे गेल्यामुळे व्हिएतनामच्या महत्त्वाचा प्रश्न निकालात निघाला आहे. आता मुद्दा अमेरिकेच्या वचनांवरील विश्वासाचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ह्या तर्कानुसार कोणत्याही युद्धात पुरेसे सैन्य धाडले की ते युद्ध आपोआप महत्त्वाचे ठरते. जो युक्तिवाद कोणत्याही पराभवाने खोटा ठरू शकत नाही आणि प्रत्येक पराभवाने बळकटच होतो, त्याला धोरणाचा निकष म्हणून मान्यता देणे कठीण आहे.

ह्या काळाची किंमत आकड्यांत पाहता येते. अमेरिकी सैन्यबळ एप्रिल १९६९ मध्ये ५,४३,००० च्या वर गेले. एकूण ५८,२२० अमेरिकी सैनिक ह्या युद्धात मरण पावले. त्यांपैकी सुमारे २१,००० हे १९६९ ते १९७२ ह्या चार वर्षांत, म्हणजे लष्करी विजयाची अपेक्षा सोडून ‘सन्मान्य’ अखेरीचा शोध चालू झाल्यानंतर, मृत्युमुखी पडले. व्हिएतनामी जीवितहानी ह्याच्या कितीतरी पट आहे. व्हिएतनाम सरकारने १९९५ मध्ये जाहीर केलेल्या आकड्यांनुसार त्या पक्षाचे सुमारे ११ लाख लढवय्ये आणि दोन्ही भागांतील मिळून सुमारे २० लाख नागरिक ठार झाले. दक्षिण व्हिएतनामच्या सैन्याची दोन लाखांहून अधिक हानी ह्यात धरलेली नाही.

५. भाकिताची पडताळणी

पॅरिसचा तहनामा २७ जानेवारी १९७३ रोजी झाला, आणि ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले. म्हणजे ज्या परिणामाच्या भीतीने युद्ध लांबविण्यात आले तो परिणाम अखेर घडलाच. त्यानंतर काय झाले? लाओस व कंबोडिया येथे साम्यवादी सत्ता आल्या. परंतु ती राष्ट्रे त्या युद्धातच ओढली गेलेली होती. थायलंड, मलेशिया, सिंगापूर, इंडोनेशिया व फिलिपीन्स ह्यांपैकी एकही देश त्या मार्गाने गेला नाही. जपान व पश्चिम युरोप ह्यांच्याशी असलेल्या अमेरिकेच्या संरक्षण-करारांतून कोणी बाहेर पडले नाही. सायगावच्या पाडावानंतर वर्षभराच्या आत, मार्च १९७६ मध्ये, ईजिप्तने सोव्हिएत संघाशी असलेला मैत्री-करार रद्द केला आणि तो अमेरिकेच्या अधिक निकट आला. १९७९ मध्ये चीन आणि व्हिएतनाम ह्यांच्यातच युद्ध जुंपले.

विरुद्ध बाजूचा पुरावाही नोंदविला पाहिजे. १९७५ मध्ये अंगोलात क्यूबाचे सैन्य सोव्हिएत साहाय्याने उतरले, १९७७–७८ मध्ये इथिओपियात त्याची पुनरावृत्ती झाली, आणि १९७९ च्या डिसेंबरमध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. अमेरिकेची माघार पाहूनच मॉस्को धजावली असा निष्कर्ष ह्यावरून काढला जातो. टेड हॉफ ह्यांनी १९९४ च्या ग्रंथात सोव्हिएत नेत्यांच्या व तज्ज्ञांच्या वक्तव्यांची छाननी करून ह्या निष्कर्षाची परीक्षा केली. तिसऱ्या जगातील अमेरिकेच्या पराभवांवरून युरोप वा जपान ह्यांसारख्या मर्मस्थानीही अमेरिका कच खाईल, असे अनुमान त्यांनी काढले नव्हते, असे हॉफ ह्यांना आढळले.

डॅरिल प्रेस ह्यांचे २००५ चे संशोधन ह्याच दिशेने जाते. १९५८ पासून बर्लिनच्या प्रश्नावर ख्रुश्चेव्ह ह्यांनी दिलेल्या मुदती एकामागून एक टळल्या, तरी अमेरिकी शासनातील चर्चांत त्यांच्या धमक्यांचे वजन कमी झाल्याचे दिसत नाही. प्रतिपक्षाने पूर्वी काय केले ह्यापेक्षा आज त्याचे सामर्थ्य किती आणि ह्या प्रकरणी त्याचे हित किती गुंतले आहे, ह्यांवरून राज्यकर्ते अंदाज बांधतात, असे प्रेस ह्यांचे प्रतिपादन आहे. आरंभी योजिलेल्या परिभाषेत सांगावयाचे तर जग ऐपत आणि तारण पाहते. जुन्या नियतीकडे ते फारसे पाहत नाही.

तथापि हा प्रश्न विद्वानांत मिटलेला नाही. ॲलेक्स वाइजिगर व केरेन यार्ही-मिलो ह्यांनी २०१५ मध्ये केलेल्या सांख्यिकीय अभ्यासात, पूर्वी माघार घेतलेल्या राष्ट्रांना पुढे आव्हान मिळण्याची शक्यता अधिक असते, असे आढळले. तेव्हा पूर्ववर्तनाचा काहीच परिणाम होत नाही असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु परिणाम होतो एवढे मान्य केल्याने, तो टाळण्यासाठी कितीही किंमत देणे योग्य आहे, हे सिद्ध होत नाही. पतीलाही मोल असते. ते अनंत नसते.

शिवाय ज्या मित्रदेशांच्या विश्वासासाठी हे चालले होते, त्यांचे मत काय होते, हेही पाहावयास हवे. पश्चिम युरोपातील नाटो-सदस्यांपैकी कोणीही व्हिएतनाममध्ये लढाऊ सैन्य पाठविले नाही. दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, थायलंड व फिलिपीन्स ह्यांनी साथ दिली हे खरे; परंतु फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल ह्यांनी १ सप्टेंबर १९६६ रोजी प्नॉम पेन्ह येथे जाहीरपणे माघारीचा सल्ला दिला. त्यांच्या सल्ल्यास स्वानुभवाचा आधार होता. चार लाखांहून अधिक सैन्य गुंतविल्यानंतर मार्च १९६२ मध्ये एव्हियाँच्या कराराने फ्रान्स अल्जीरियातून बाहेर पडला होता, आणि त्यानंतर त्याचा शब्द जगात हलका झाल्याचे दिसले नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत जॉर्ज केनन ह्यांनी सिनेटच्या परराष्ट्र-व्यवहार समितीपुढे साक्ष देताना, चुकीची ठाणी निर्धाराने सोडून देणारे राष्ट्र ती हट्टाने धरून ठेवणाऱ्या राष्ट्राहून अधिक आदरास पात्र होते, असे मत मांडले होते.

६. इतर दोन उदाहरणे

भारताच्या अनुभवातही ह्या प्रश्नाचे एक रूप आढळते. जुलै १९८७ च्या करारानुसार श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेचे सुमारे १,२०० जवान तेथे कामी आले. १९८९ च्या जूनमध्ये श्रीलंकेचे अध्यक्ष प्रेमदास ह्यांनी सैन्य परत नेण्याची मागणी केली, तेव्हा भारताने करारातील जबाबदाऱ्यांचा दाखला देऊन कालावधी मागितला. मार्च १९९० मध्ये अखेरची तुकडी परतली. उद्दिष्ट साधले नव्हते. परंतु त्यामुळे शेजाऱ्यांनी वा प्रतिस्पर्ध्यांनी भारताच्या अन्य संरक्षण-प्रश्नांवरील निर्धाराविषयी वेगळे अनुमान काढले, असे दाखविणे कठीण आहे.

अमेरिकेने ऑगस्ट २०२१ मध्ये अफगाणिस्तान सोडल्यानंतर फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर व्यापक आक्रमण केले, आणि ह्या दोहोंत कार्यकारणसंबंध जोडला गेला. परंतु क्रिमिया रशियाने २०१४ मध्ये, म्हणजे अमेरिकी सैन्य अफगाणिस्तानात असतानाच, घेतला होता. आणि अमेरिकी हमीवरील विश्वास पार उडाला असता, तर फिनलंडने २०२३ मध्ये व स्वीडनने २०२४ मध्ये त्या हमीवर आधारलेल्या नाटोत प्रवेश केला नसता. केवळ कालक्रमावरून कारण ठरविण्याचा दोष ह्या विषयात विशेष संभवतो.

७. ऋण आणि लौकिक

ह्या चर्चेत एक भेद सहसा दुर्लक्षिला जातो. दिलेले वचन पाळण्याचे कर्तव्य हे ज्याला वचन दिले त्याच्याविषयीचे असते. लौकिक राखण्याची इच्छा स्वतःविषयीची असते. १९७५ नंतर दक्षिण व्हिएतनाममधील लक्षावधी लोक पुनर्शिक्षण-छावण्यांत गेले किंवा होड्यांतून समुद्रावर लोटले गेले. अमेरिकेच्या शब्दावर विसंबलेल्या त्या माणसांचे तिच्यावर खरेखुरे ऋण होते. युद्ध चालू ठेवण्याचा सर्वांत गंभीर नैतिक आधार हा होता. परंतु मॅक्नॉटन ह्यांच्या टक्केवारीत त्याचा वाटा १० टक्के होता, आणि व्यवहारातही तो तेवढाच राहिला. अध्यक्ष निक्सन ह्यांनी नोव्हेंबर १९७२ व जानेवारी १९७३ मध्ये दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष थ्यू ह्यांना खाजगी पत्रांद्वारे आश्वासन दिले की, तहाचा भंग झाल्यास अमेरिका कठोर प्रत्युत्तर देईल. त्यास काँग्रेसची संमती नव्हती; उलट १५ ऑगस्ट १९७३ नंतर इंडोचीनमधील लष्करी कारवाईस काँग्रेसने कायद्याने मनाई केली. पत राखण्यासाठी लढलेल्या युद्धाच्या अखेरीस ऐपतीबाहेरची हुंडी लिहिली गेली, आणि ती न वटल्याचे फळ ज्यांनी ती स्वीकारली त्यांना भोगावे लागले.

पतीसाठी लढल्या जाणाऱ्या युद्धात लाभ कोणाचा आणि भार कोणावर, हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही. लाभ झालाच तर तो हमीदार राष्ट्राच्या अन्यत्रच्या हितसंबंधांना होतो. भार त्याचे सैनिक आणि परभूमीतील रहिवासी उचलतात. जी माणसे त्या पतीची भागीदार नाहीत, त्यांच्या प्राणांचा उपयोग तिऱ्हाइताला संदेश पाठविण्यासाठी करणे, हे युद्धन्यायाच्या कोणत्याही विचारात बसविणे अवघड आहे.

८. निष्कर्ष

राष्ट्राची पत ही खरी वस्तू आहे, आणि तिचा विचार युद्धविषयक निर्णयात होणे गैर नाही. परंतु युद्ध लांबविण्याचे स्वतंत्र आणि पुरेसे कारण म्हणून ती टिकत नाही. ज्या शासनाला ती पुढे करावयाची असेल, त्याने निदान तीन प्रश्नांची उत्तरे देणे आवश्यक आहे. पहिला, कोणते विशिष्ट राष्ट्र, कोणत्या विशिष्ट ठिकाणी, ह्या माघारीवरून कोणते अनुमान काढील, आणि त्यास पुरावा काय? दुसरा, अधिक काळ लढल्याने शेवट बदलणार आहे काय, की तो केवळ पुढे ढकलला जाणार आहे? शेवट तोच असेल तर पत वाचत नाही. तिच्या नावावर पडणारी माणसे मात्र वाढतात. तिसरा, ज्यांना प्रत्यक्ष वचन दिले त्यांचे ऋण फेडण्याचा युद्धाखेरीज अन्य मार्ग आहे काय? आश्रय, पुनर्वसन आणि तहातील संरक्षक अटी ह्यांचा विचार युद्ध चालू असतानाच करावा लागतो. पाडावानंतर त्यास अवधी राहत नाही. जॉर्ज बॉल ह्यांनी १९६५ च्या जुलैमध्ये तोड काढण्याचा सल्ला दिला, तेव्हा व्हिएतनाममधील अमेरिकी सैन्य लाखाच्या आत होते, आणि त्या युद्धातील अमेरिकी मृत्यूंपैकी बहुसंख्य अद्याप घडावयाचे होते.